चार ओळींच्या पत्रासाठी जीमेल: काय बदलून घ्यावे, कशावर विसंबू नये

जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आले तेव्हा चर्चा झाली ती फुकट मिळणाऱ्या एक जीबी जागेची. ऑफिसात आज त्याचा रोजचा वापर चार-पाच ओळींच्या पत्रांसाठी होतो: बिलाची आठवण, मालाच्या तारखेची विचारणा, कोटेशन मिळाल्याची पोच, बैठक पुढे ढकलल्याची सूचना. हे परीक्षण तेवढ्याच कामापुरते आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत पत्रव्यवहार करणारे पाच-दहा माणसांचे कार्यालय डोळ्यांपुढे ठेवले आहे.

मत आधीच सांगतो. छोट्या पत्रासाठी लागणारे जवळजवळ सगळे जीमेलमध्ये आहे, पण उपयोगाच्या सोयी एक तर बंद असतात किंवा सर्वांत कमी मापावर ठेवलेल्या असतात. बरीच माणसे वर्षानुवर्षे सेटिंग्ज न उघडताच मेल पाठवतात. अर्धा तास खर्चून ते नीट लावून घेतले तर रोज वेळ वाचतो आणि चुका कमी होतात. पत्र चांगले लिहिण्याचे काम मात्र ते करत नाही, आणि मराठीत तर त्याची मदत फारच तोकडी आहे.

पाठवलेले मेल मागे घेण्याची मुदत

सर्वांत आधी हे करावे. वर उजवीकडचे दातेरी चाक, मग 'सी ऑल सेटिंग्ज', 'जनरल', आणि तिथे 'अनडू सेंड'. मूळ मुदत ५ सेकंदांची असते. १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. डोळे झाकून ३० निवडा आणि पान खाली सरकवून 'सेव्ह चेंजेस' दाबा. ते बटण पार तळाशी असल्याने ते दाबायचे राहून जाते आणि बदल लागू होत नाही.

चुकीचा आकडा, चुकीचा साहेब, न जोडलेली फाइल हे सगळे पाठवल्याच्या पुढच्याच क्षणी दिसते, म्हणून या ३० सेकंदांना मोल आहे. पण ही सोय गेलेले मेल परत आणत नाही. जीमेल ते तेवढा वेळ स्वतःकडे थांबवून ठेवते, इतकेच. मुदत संपली की ते गेले. आउटलुकमधली 'रिकॉल'ची सोय ऐकायला मोठी वाटते, पण ती एकाच संस्थेच्या आतल्या मेलपुरती चालते. बाहेरच्या पुरवठादाराला गेलेले पत्र तिने परत येत नाही. जीमेलचा उपाय लहान असला तरी पत्ता कोणाचाही असो, चालतो.

याच्या जोडीला एक सवय लावून घ्यावी: पत्ता सर्वांत शेवटी भरावा. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की मेल थेट सुटते, आणि घाईत नवी ओळ घेताना ही चूक होते. 'टू' रिकामे असेल तर मेल जात नाही. उत्तर देताना पत्ता आधीच भरलेला असतो. मामला नाजूक असेल तर तो काढून टाकावा, मजकूर पुरा करावा, मग परत भरावा.

यादीत दिसते ते आधी वाचले जाते

जीमेलच्या यादीत विषयाच्या ओळीपुढे मजकुराचे पहिले काही शब्द फिकट अक्षरांत दिसतात. मोबाइलवर विषयाखाली त्याची एखादीच ओळ मावते. समोरचा माणूस मेल आत्ता उघडायचे की नंतर, हे त्यावरच ठरवतो. आता ही नेहमीची सुरुवात पाहा: 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की…' यादीतली सगळी जागा एवढ्यातच संपली आणि मुद्दा अजून आलाच नाही. कागदी पत्रात ही प्रस्तावना खपून जायची, कारण पाकीट फोडलेलेच असायचे.

म्हणून विषयात कामाचे नाव, क्रमांक आणि तारीख हवी, आणि 'नमस्कार' म्हटल्यावर लगेचच्या वाक्यात मागणी हवी. मोबाइलवर विषयाची साधारण पस्तीस-चाळीस अक्षरे दिसतात, तेव्हा महत्त्वाचे ते डावीकडे. 'महत्त्वाचे', 'तातडीचे', 'आठवण' असे नुसते शब्द विषयात घालून काही साधत नाही. बिलाच्या आठवणीचा एक नमुना:

विषय: बिल क्र. ११८, ₹४८,३८०, मुदत १९ मे

नमस्कार,
बिल क्र. ११८ (ता. ४ एप्रिल) चे ₹४८,३८० अजून जमा झालेले नाहीत, कृपया शुक्रवार, २३ मेपर्यंत जमा करावेत.
माल आपल्याकडे ४ एप्रिललाच पोहोचला, सहीचे चलन सोबत आहे. बँक खात्याचा तपशील बिलावर आहे.
बिलात काही दुरुस्ती हवी असल्यास बुधवारपर्यंत कळवावे.

यात कुठेही खंत नाही, आर्जव नाही आणि धमकीही नाही. रक्कम, बिल, पुरावा आणि तारीख आहे. शेवटचे वाक्य सहज काढून टाकावेसे वाटते, पण तेच सर्वांत कामाचे. पैसे अडले की बरेचदा समोरच्याच्या लेखा विभागात बिलाचा काहीतरी घोळ असतो, जीएसटी क्रमांक चुकलेला असतो किंवा ऑर्डरचा नंबर टाकायचा राहिलेला असतो. ते विचारले नाही तर आठवणीवर आठवणी जात राहतात आणि अडचण कुणी सांगतच नाही. 'लवकरात लवकर' हे शब्द मात्र टाळावेत. त्यात तारीख नाही, म्हणून पुढच्या आठवणीला आधार राहत नाही.

मराठी पत्रात कर्मणी प्रयोगही फार जपून वापरावा. 'माल लवकरच पाठवण्यात येईल' यात कोण पाठवणार आणि कधी, दोन्ही गायब. 'आमची गाडी गुरुवारी, १२ तारखेला सकाळी निघेल' असे लिहिले की समोरचा गोदामात माणूस ठेवू शकतो. एकाच पत्रात 'आपण' आणि 'तुम्ही' यांची सरमिसळही खटकते. बाहेरच्या पत्रात 'आपण', ऑफिसात आपसांत 'तुम्ही', ही वाटणी बऱ्याच ठिकाणी रूढ आहे आणि ती चांगली आहे.

व्यवहार सरकारी कार्यालयाशी असेल तर हिशेब बदलतो. तिथे विषय, संदर्भ आणि जावक क्रमांक लागतातच, कारण आवक-जावक कारकुनाला तुमच्या पत्राची नोंद करायची असते. अशा वेळी लेटरहेडवर सहीशिक्क्याचे रीतसर पत्र पीडीएफ करून जोडावे आणि मेलमध्ये दोनच ओळी लिहाव्यात: कोणत्या विषयाचे पत्र जोडले आहे आणि आवक क्रमांक कळवावा. जोडपत्राचा मजकूर मेलमध्ये पुन्हा उतरवू नये. दोन्हींत एखादा शब्द वेगळा पडला तर खरे कोणते, हा वाद उभा राहतो.

टेम्प्लेट: सर्वांत उपयोगी आणि सर्वांत लपलेली सोय

तोच तो मजकूर पुन्हा टंकण्याऐवजी साठवून ठेवता येतो. ही सोय मुळात बंद असते. 'सी ऑल सेटिंग्ज', 'ॲडव्हान्स्ड', 'टेम्प्लेट्स', 'एनेबल', आणि पुन्हा तळाचे 'सेव्ह चेंजेस'. मग नवे मेल उघडून मजकूर लिहावा, खिडकीच्या तळातले तीन ठिपके दाबावेत, 'टेम्प्लेट्स', 'सेव्ह ड्राफ्ट ॲज टेम्प्लेट', 'सेव्ह ॲज न्यू टेम्प्लेट'. एका खात्यात ५० टेम्प्लेट मावतात. आठ-दहा पुरतात, त्याहून जास्त झाले की शोधण्यातच वेळ जातो.

इथे तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला सहीचा. नवे मेल उघडताच सही आपोआप येते, तिच्यासकट टेम्प्लेट साठवले की वापरताना दोन सह्या दिसतात. साठवण्याआधी सही पुसावी. दुसरा घोळ दुरुस्तीचा: साठवलेला मजकूर थेट उघडून सुधारता येत नाही. टेम्प्लेट मेलमध्ये आणायचे, सुधारायचे आणि 'सेव्ह ड्राफ्ट ॲज टेम्प्लेट'खाली 'ओव्हरराइट' या शीर्षकातले जुने नाव निवडायचे. बँक खाते बदलले आणि हे करायचे राहिले, तर जुना खाते क्रमांक महिनोन्महिने जात राहतो. म्हणून खाते क्रमांक टेम्प्लेटमध्ये लिहूच नये, तो बिलावरच असावा.

तिसरा घोळ रिकाम्या जागांचा. 'बिल क्र. ____' असे ठेवले की ते कधी ना कधी तसेच जाते, आणि समोरच्याला कळते की आपल्याला सगळ्यांसारखेच पत्र आले आहे. भरायच्या जागा पिवळ्या पार्श्वभूमीत रंगवून ठेवाव्यात. रंग टेम्प्लेटबरोबर साठतो आणि न भरलेली जागा लगेच डोळ्यात भरते. शिवाय या जागा विषयात आणि पहिल्या दोन ओळींतच ठेवाव्यात, तळाशी एकही नको. भरल्यावर मजकूर निवडून कंट्रोल आणि उलट तिरकी रेघ दाबली की रंग निघतो.

टेम्प्लेट फिल्टरलाही, म्हणजे आलेली मेले आपोआप हाताळणाऱ्या नियमालाही, जोडता येते. चौकशीसाठी वेगळा पत्ता असेल तर त्यावर आलेल्या मेलला आपोआप पोच पाठवणारे फिल्टर लावावे. त्यात 'सेंड टेम्प्लेट' हा पर्याय मिळतो. पोच एका वाक्याची असावी आणि उत्तर कोणत्या दिवसापर्यंत येईल ते त्यात असावे.

खरी उणीव मोबाइलची. ॲपमध्ये टेम्प्लेट वापरता येत नाहीत. साइटवर किंवा गाडीत बसून उत्तरे देणाऱ्यांना ही मोठीच अडचण आहे. पर्याय म्हणून फोनच्या कीबोर्डमधला वैयक्तिक शब्दकोश वापरता येतो: गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये एखादे वाक्य साठवून त्याला दोन अक्षरांचा शॉर्टकट द्यायचा, आयफोनमध्ये 'टेक्स्ट रिप्लेसमेंट'. एक-दोन वाक्यांपुरते हे ठीक चालते, पुऱ्या पत्रासाठी नाही.

सहीत काय हवे

जीमेलमध्ये अनेक सह्या ठेवता येतात, आणि नव्या मेलला कोणती व उत्तराला कोणती लागावी हे वेगळे ठरवता येते. नव्या मेलला पूर्ण सही, उत्तरांना नुसते नाव आणि फोन. दहा उत्तरांच्या साखळीत दहा वेळा लोगो आणि पत्ता आला की मूळ चार ओळी हरवतात.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर एक गोष्ट कायद्याची आहे. कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १२ सांगते की कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर, बिलांवर आणि नोटिसांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), दूरध्वनी आणि ईमेल छापलेले असावे; संकेतस्थळ असल्यास तेही. चुकल्यास दिवसाला हजार रुपये, कमाल एक लाखापर्यंत दंड आहे. मेल हेही व्यावसायिक पत्रच समजून पूर्ण सहीत हे घालणे शहाणपणाचे. लोगो मात्र चित्र म्हणून घालू नये. अनेक ठिकाणी चित्रे अडवली जातात किंवा जोडफाइल म्हणून दिसतात, आणि समोरचा ती बिलाची फाइल समजून उघडतो.

साखळी, शोध आणि मराठीचे प्रश्न

एकाच विषयाची मेले जीमेल एका साखळीत बांधते. सोय चांगली आहे, पण मागच्या महिन्याचे मेल उघडून 'रिप्लाय' दाबून नवीच गोष्ट लिहिण्याची सवय तिला मारक ठरते. विषय 'बिल क्र. १०२' आणि आत नव्या ऑर्डरची चौकशी, असे झाले की ती चौकशी नंतर कुणालाच सापडत नाही. गोष्ट नवी तर मेल नवे. उत्तरातच विषय बदलायचा असेल तर पत्त्याशेजारच्या बाणातून 'एडिट सब्जेक्ट' निवडावे, तिथून नवी साखळी सुरू होते. उलट, चालू वादातल्या मेलचा विषय हौसेने बदलू नये, पुराव्याचा धागा तुटतो.

शोधाच्या बाबतीत मराठी माणसाने विशेष जपायला हवे. जीमेल अख्खे शब्द जुळवते, शब्दाचा तुकडा नाही. मराठीत 'बिल'चे 'बिलाचे', 'बिलात', 'बिलावर' होते, आणि 'बिल' शोधल्यावर ही सगळी रूपे हमखास सापडतील असे धरून चालू नये. म्हणून विषयात एक न बदलणारी खूण हवी: बिलाचा किंवा ऑर्डरचा क्रमांक. तो बिलावर छापला आहे अगदी तसाच, त्याच लिपीतल्या आकड्यांत लिहावा. बिलावर इंग्रजी आकडे आणि मेलमध्ये देवनागरी असे झाले तर शोध फसू शकतो.

देवनागरी टंकायला ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये सोय आहे: 'जनरल'मधल्या भाषेच्या भागात सगळे भाषा-पर्याय दाखवून 'एनेबल इनपुट टूल्स' करावे आणि मराठी निवडावी. उच्चारानुसार रोमन टंकून देवनागरी मिळते, इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची प्रमाण मांडणीही आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र तसाच चिकटवू नये. त्यात आतून रोमन खुणा साठवलेल्या असतात आणि समोरच्याला निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतात, बदलून घ्यावा. वर्ड किंवा व्हॉट्सॲपवरून मजकूर आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरावे, नाहीतर एका परिच्छेदात तीन आकारांची अक्षरे येतात.

वाक्य आपोआप पुरे करणारी 'स्मार्ट कम्पोज' मराठीत चालत नाही. मजकुरात जोडल्याचा उल्लेख आहे पण फाइल नाही, असा इशारा जीमेल इंग्रजीत देते. 'सोबत जोडले आहे' या शब्दांवर तो मिळेल अशा भरवशावर राहू नये. फाइल आधी जोडावी, मग लिहायला बसावे.

जोडफाइल, वेळ आणि पुरावा

जोडफाइलींची मर्यादा २५ एमबी आहे. त्यापुढे जीमेल फाइल ड्राइव्हवर टाकून दुवा पाठवते. नकाशे-फोटोंसाठी ठीक, पण बिल आणि कोटेशन कधीही दुव्याने पाठवू नये. परवानगी दिली नसेल तर ते उघडत नाही, आणि दुव्यामागची फाइल नंतर बदलता येते, त्यामुळे कोणते कोटेशन पाठवले होते हा प्रश्न उरतो. पीडीएफ जोडावी आणि फाइलच्या नावात आपल्या संस्थेचे नाव व क्रमांक असावा. 'स्कॅन००४' नावाची फाइल लेखा विभागात शंभर जणांकडून आलेली असते.

'शेड्यूल सेंड' हा उत्तम प्रकार आहे. 'सेंड'शेजारच्या बाणातून दिवस आणि वेळ निवडावी; संगणक बंद असला तरी मेल जाते, क्वचित काही मिनिटे उशिराने. एका वेळी १०० मेले रांगेत ठेवता येतात. रात्री अकराला सुचलेली सूचना सकाळी साडेनऊला जावी, यात समोरच्याचा मान राहतो. धोका एकच: शनिवारी बिलाची आठवण सोमवारसाठी लावली आणि पैसे रविवारीच जमा झाले, तरी आठवण जाणारच. सोमवारी बँक खाते आणि 'शेड्यूल्ड' यादी दोन्ही आधी बघावीत.

रजेवर जाताना लावायचे 'व्हेकेशन रिस्पॉन्डर' एकाच माणसाला चार दिवसांत एकदाच उत्तर देते, त्यामुळे त्रास होत नाही. त्यात परत येण्याची तारीख आणि दरम्यान कोणाला विचारावे, एवढे पुरे. 'कॉन्फिडेन्शियल मोड' मात्र व्यवहारात नको. समोरच्याला मेल छापता, उतरवता किंवा पुढे पाठवता येत नाही, म्हणजे त्याचा लेखा विभाग अडतो. आणि पडद्याचा फोटो तर कोणीही काढू शकतो.

पुराव्याच्या दृष्टीने जीमेल भक्कम आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिली आहे, आणि त्यातल्या कलम १३ नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर, संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरला की तो रवाना झाला असे धरतात. लघुउद्योजकांना याचा थेट उपयोग आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. वाद सुविधा परिषदेकडे (अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) गेला तर माल मिळाल्याची पोच, बिल आणि तारीखवार आठवणी हाताशी असाव्या लागतात. पहिल्या आठवणीत कायद्याचे नाव घेऊ नये, संबंध उगाच ताणले जातात. मुदत उलटल्यानंतरच्या दुसऱ्या आठवणीत एका वाक्यात, उद्यम नोंदणी क्रमांकासह घ्यावे.

मेल वाचले गेल्याची पोच फुकट जीमेलमध्ये मिळत नाही. ती सोय पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेसच्या (गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेच्या) खात्यांना असते, तीही प्रशासकाने सुरू केली असेल तर. त्यापेक्षा 'मिळाल्याचे कळवावे' हे वाक्य स्वस्त आणि खात्रीचे. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांना त्याची जागा देऊ नये. 'गाडी निघाली', 'दहा मिनिटांत पोहोचतो' हे व्हॉट्सॲपवर ठीक, पण दर, प्रमाण किंवा तारीख बदलणारे काहीही मेलवरच यावे, कारण व्हॉट्सॲपवर संदेश १५ मिनिटांच्या आत बदलता येतो आणि नंतर पुसताही येतो. तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर ठरलेली गोष्ट त्याच दिवशी मेलने पक्की करावी: 'आज फोनवर ठरल्याप्रमाणे दर किलोला ₹२१२, वाहतूक आपली, माल २६ तारखेला. यात फरक असल्यास उद्या दुपारपर्यंत कळवावे.'

फुकट खात्यावर १५ जीबी जागा मिळते, पण ती ड्राइव्ह आणि फोटोंशी वाटून घ्यावी लागते. ती भरली की नवी मेले येणे थांबते, आणि हे बरेचदा ग्राहकाच्या फोनवरूनच कळते. ज्या खात्यावर ऑर्डरी येतात त्याला घरच्या फोनचे फोटो जोडू नयेत. दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल पाठवता येते, दिवाळीच्या शुभेच्छांना ही मर्यादा लगेच आडवी येते. दोन-तीन माणसांच्या दुकानाला फुकट खाते पुरते. माणसे पाचच्या पुढे गेली की स्वतःच्या नावाच्या डोमेनसह वर्कस्पेस घ्यावे. मुख्य कारण असे की नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यातला पत्रव्यवहार तेव्हाच कार्यालयाच्या ताब्यात राहतो.